आगोटीला पेंढा भरावा, पेंड भरू नये : चाऱ्यातील आणि खुराकातील बुरशीविषांपासून गुरे कशी राखावीत

कोकणात जूनमध्ये पाऊस लागला की पुढचे चार महिने घरातले मीठ पाझरते, पापड मऊ पडतात आणि कोनाड्यात ठेवलेल्या चपलेवर पांढरी लव येते. तीच हवा गोठ्याच्या कोपऱ्यात रचलेल्या पेंडीच्या गोणीलाही लागत असते. चप्पल पुसून पुन्हा घालता येते. पेंडीवरची बुरशी मात्र झटकली, उन्हात वाळवली किंवा आंबोणात शिजवली, तरी तिने सोडलेले विष पेंडीत राहतेच (आंबोण म्हणजे गुरांसाठी भिजवलेला किंवा शिजवलेला खुराक). म्हणून या बाबतीत औषधापेक्षा साठवणीला महत्त्व आहे, आणि आपल्या किनारपट्टीपुरते बोलायचे तर साठवणीचा पहिला नियम मी असा सांगेन, की आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, पेंढा भरून ठेवावा, पेंड भरून ठेवू नये.

हा नियम आपल्या सवयीच्या विरुद्ध जातो, याची मला कल्पना आहे. मे महिन्यात तांदूळ, मिरची, सुकी मासळी आणि सरपण यांची बेगमी करताना गुरांचीही चार महिन्यांची सोय एकदम लावून टाकावी, म्हणजे घाट बंद पडला किंवा भाव चढले तरी चिंता नको, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पण तो हिशेब पेंढ्याचा आणि डोंगरी गवताचा होता. गावठी गाईला खुराक म्हणून घरच्या भाताचा मूठ-दोन मूठ कोंडा मिळे, तो साठवण्याचा प्रश्नच येत नसे. आज दुभती संकरित गाय किंवा मुऱ्हा म्हैस दिवसाला चार-पाच किलो खुराक खाते. अशा दोन जनावरांना चार महिने पुरेल इतका खुराक घ्यायचा, तर पन्नास किलोच्या वीस ते चोवीस गोण्या जूनमध्ये थप्पी लावून ठेवाव्या लागतात. त्यांतल्या शेवटच्या गोणीला सप्टेंबर उजाडतो, आणि तोवर तिने सगळा पावसाळा श्वासावाटे आत घेतलेला असतो.

विष कोणते, आणि ते दुधात कसे उतरते

प्रत्येक बुरशी विषारी नसते. गुरांच्या दृष्टीने मुख्यतः तीन घराणी महत्त्वाची आहेत. फ्युजेरियम जातीच्या बुरशी बहुधा शेतातच, पीक उभे असताना किंवा कापून ओले पडले असताना शिरतात. अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम यांचा जोर साठवणीत असतो. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या पिवळसर हिरव्या बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे यांतले सर्वांत घातक. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले आणि शोध घेता घेता कारण ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडले, तेव्हा या विषाची ओळख पटली. आपल्या देशात १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या भागांत पावसात भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. त्या मक्यातही हेच विष होते.

अ‍ॅस्परजिलसला पंचवीस ते पस्तीस अंश तापमान आणि भरपूर ओलावा मानवतो. पावसाळ्यातील रत्नागिरी किंवा अलिबागची हवा याहून वेगळी नसते. शेंगदाणा, सरकी, खोबरे आणि मका हे तिचे आवडते पदार्थ आहेत, आणि आपल्या आंबोणात नेमके तेच असतात.

दुभत्या जनावराच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिन बी१ या विषाचा थोडा भाग यकृतात बदलून एम१ या रूपाने दुधात उतरतो. हे प्रमाण साधारण एक ते सहा टक्के असते. समजा, गाय रोज चार किलो खुराक खाते आणि त्याच्या दर किलोत १०० मायक्रोग्रॅम बी१ आहे. म्हणजे तिच्या पोटात रोज ४०० मायक्रोग्रॅम विष गेले. त्यातले दोन टक्के, म्हणजे ८ मायक्रोग्रॅम, आठ लिटर दुधात उतरले, तर लिटरमागे १ मायक्रोग्रॅम झाले. आपल्याकडे दुधासाठी कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हे दूध मर्यादेच्या दुप्पट बिघडलेले निघाले. पशुखाद्याच्या भारतीय मानकात किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. ती पाळलेली असेल, तर याच हिशेबाने दुधात लिटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमहून जास्त एम१ उतरत नाही. दूध उकळले, तापवून आटवले, तरी एम१ नष्ट होत नाही. ते दुधातील केसीन या प्रथिनाला चिकटते, म्हणून पनीरमध्ये त्याचे प्रमाण वाढते. तुपात मात्र फारसे जात नाही. दिलासा इतकाच, की दूषित खुराक बंद केल्यावर तीन-चार दिवसांत एम१ दुधातून जवळजवळ निघून जाते.

फ्युजेरियमच्या विषांपैकी झिअरॅलेनोन हे स्त्री-संप्रेरकासारखे वागते. कालवड माजावर आल्यासारखी दिसते, योनी सुजते, गाय वारंवार उलटते, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येते, आणि मालक मात्र रेतनाच्या नळीला दोष देत राहतो. पंजाब-हरयाणात बुरशी लागलेल्या भाताच्या पेंढ्याशी जोडला जाणारा देगनाला नावाचा रोग म्हशींना होतो, ज्यात शेपटीचे टोक, कानाच्या कडा आणि खुरांवरची कातडी काळी पडून सडते. आपल्या बाजूला म्हशीच्या शेपटीचे टोक गार आणि सुकलेले आढळले, तर जखम झाली असेल असे म्हणून हळद लावण्याआधी ती खात असलेला पेंढा पाहावा.

पेंढा : खळ्यापासून माळ्यापर्यंत

कोकणात पेंढा बिघडतो तो बहुधा साठवणीत नव्हे, तर त्याआधी, परतीच्या पावसात. हळवे, म्हणजे लवकर पिकणारे, भात सप्टेंबरच्या अखेरीस तयार होते आणि हस्ताचा पाऊस नेमका त्याच वेळी कोसळतो. कापलेल्या पेंढ्या शेतात दोन-तीन दिवस भिजत पडल्या की भाताची काळजी सगळे करतात, पण झोडणीनंतर उरलेला ओला पेंढा तसाच एका कडेला ढीग करून ठेवतात आणि आठवड्याने त्याची उडवी रचतात. तो आठवडा बुरशीला पुरेसा असतो. म्हणून उशिरा पिकणाऱ्या निमगरव्या आणि गरव्या भाताचा, दिवाळीच्या पुढेमागे कोरड्या हवेत झोडलेला पेंढा पावसाळ्यासाठी वेगळा राखावा आणि हळव्याचा पेंढा हिवाळ्यातच आधी संपवावा, हे मला सर्वांत सोपे आणि बिनखर्चाचे वाटते.

पेंढा किती वाळला हे हाताने कळते. मूठभर काड्या घेऊन दोन्ही हातांनी पीळ द्यावा. वाळलेला पेंढा कडकड मोडतो. ओलसर पेंढ्याची दोरी वळली जाते. काडीचे पेर नखाने दाबून पाहावे, कारण काडी वाळली तरी पेरात ओल टिकून राहते. याहून नेमके पाहायचे असेल, तर कोरड्या काचेच्या बरणीत चार चमचे तव्यावर भाजून गार केलेले मीठ घ्यावे, त्यात बारीक कापलेला पेंढा किंवा दाणे अर्ध्या बरणीपर्यंत घालून झाकण लावावे आणि दोन-तीन मिनिटे हलवून थोडा वेळ स्थिर ठेवावे. मीठ काचेच्या आतल्या अंगाला चिकटले, तर मालात साधारण पंधरा टक्क्यांहून अधिक पाणी आहे, म्हणजे तो साठवण्याजोगा नाही. मीठ मोकळे राहिले तर पेंढा चालेल. पण धान्याला याहूनही कोरडेपणा, म्हणजे बारा-तेरा टक्के ओलावा, लागतो.

उडवी जमिनीवर टेकवू नये. तळाला जांभ्याचे चिरे मांडून त्यांवर बांबू किंवा पोफळीच्या फळ्या आडव्या टाकाव्यात, म्हणजे खालून हवा खेळते. माथा छत्रीसारखा उतरता ठेवावा. अलीकडे सगळे ताडपत्री घालतात, पण ती पेंढ्याला घट्ट चिकटवून बांधली, की दिवसा आतून वाफ धरते आणि रात्री ते पाणी थेंबाथेंबाने वरच्याच थरावर पडते. ताडपत्री आणि पेंढा यांमध्ये बांबूच्या आधाराने हातभर मोकळी जागा राखावी. उडवी रचल्यावर पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी तिच्या पोटात लोखंडी पहार खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढावी. पहारीचे टोक हाताला सोसवणार नाही इतके तापले असेल, तर आत ओल आहे आणि बुरशी कामाला लागली आहे; तो पेंढा त्याच दिवशी उलगडून पुन्हा वाळवावा. पावसाने काळवंडलेला बाहेरचा वीतभर थर फेकून द्यावा लागला तरी हरकत नाही. खरी काळजी आत सापडणाऱ्या पांढऱ्या-राखाडी, झटकल्यावर धूर उडणाऱ्या पेंढीची करावी.

पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना आहे. शंभर किलो कोरड्या पेंढ्याला चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात विरघळवून, थर रचून, हवाबंद करून एकवीस दिवस ठेवण्याची पद्धत चांगली आहे. त्यात सुटणाऱ्या अमोनियामुळे बुरशीही वाढत नाही. पण आधीच बुरशी लागलेला पेंढा वाचवण्यासाठी ही युक्ती करू नये, आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना असा पेंढा देऊ नये.

मुरघासाचे, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याचे, शास्त्र याहून वेगळे आहे, तरी दोन वाक्ये इथेच सांगतो. मुरघास ओला असूनही टिकतो तो हवा नसल्यामुळे आणि आंबटपणामुळे. म्हणून पिशवीला उंदराने पाडलेले एक भोक किंवा एकदा उघडून आठवडाभर रेंगाळलेले तोंड तो बिघडवायला पुरेसे होते. पिशवीचा आकार आपल्या गुरांना दोन-चार दिवसांत संपेल एवढाच निवडावा, आणि निळा-हिरवा गोळा दिसला तर तो आजूबाजूच्या वीतभर भागासह काढून टाकावा.

खुराकाची खोली

माझ्या स्वतःच्या गोठ्यात घडलेली गोष्ट सांगतो. एका वर्षी मी जूनच्या आरंभी खोबऱ्याच्या पेंडीच्या चार गोण्या घेतल्या आणि पश्चिमेच्या भिंतीला लावून उभ्या केल्या. भिंत चिऱ्याची, बाहेरून गिलावा नसलेली. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि जांभ्याचा चिरा स्पंजासारखे पाणी धरतो, हे लहानपणापासून ठाऊक असूनही गोणी ठेवताना ते आठवले नाही. जुलैच्या मध्यापर्यंत मी गोणीच्या पुढच्या अंगाची पेंड काढत होतो आणि ती खडखडीत होती. मग एके दिवशी मागच्या बाजूचा नारळाएवढा गठ्ठा हाताला लागला. तो फोडला तेव्हा आत पिवळसर हिरवी भुकटी भरलेली होती आणि तिची धूळ थेट नाकात गेली. मी गठ्ठे वेचून टाकले आणि उरलेली पेंड चांगली दिसते म्हणून घालत राहिलो. म्हैस आंबोण अर्धे टाकू लागली, दूध लिटरभराने उतरले, पारडीला हगवण लागली. पेंड तपासून घेतली नव्हती, त्यामुळे दोष तिचाच असे मी शपथेवर सांगणार नाही. पण पशुवैद्यांच्या सांगण्यावरून पेंड बदलली आणि चौथ्या दिवशी म्हशीने घमेले चाटून पुसून ठेवले.

गठ्ठे वेचून टाकल्याने उरलेला माल निर्धोक होत नाही, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. विष गोणीत सगळीकडे सारखे पसरलेले नसते, एखाद्या जागी साचलेले असते. पण जिथे बुरशी डोळ्यांना दिसत नाही तिथेही ते असू शकते. याउलट, बुरशी वाढून मेली आणि दिसेनाशी झाली, तरी विष मागे राहते. वास आणि रंग यांवरून माल नाकारता येतो, पसंत करता येत नाही.

तेव्हा खुराक पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरताच आणावा. गावातल्या चार घरांनी मिळून पाळीपाळीने गाडी केली, तर वाहतूक परवडते. गोळी पेंडीच्या गोणीवर भारतीय मानकाचे चिन्ह आणि उत्पादनाची तारीख पाहावी, त्या मानकाप्रमाणे ओलावा अकरा टक्क्यांच्या आत असतो. दुकानात गोणी कुठे ठेवली आहे तेही पाहावे, कारण कारखान्यातून कोरडी निघालेली गोणी उघड्या टेम्पोतून भिजत आली, तर त्या चिन्हाचा उपयोग नाही. शिवणीपाशी पाण्याचा पिवळट डाग असेल किंवा गोणी दाबल्यावर आत गठ्ठे लागत असतील, तर ती दुकानदाराला परत करावी. स्वस्तात मिळणारी ‘थोडी लागलेली’ पेंड घेऊ नये. ती स्वस्त का आहे, हे तिच्या नावातच सांगितलेले आहे.

घरी आणल्यावर गोण्या लाकडी मांचीवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवाव्यात. शक्यतो पूर्वेकडच्या किंवा मधल्या खोलीत. आधी आलेली गोणी आधी संपवावी. झाकणाचा प्लास्टिकचा ड्रम उत्तम, पण त्यात कोरडाच माल भरावा. किंचित दमट पेंड ड्रममध्ये बंद केली, तर ती आतल्या आत घाम धरते आणि उघड्या गोणीपेक्षा लवकर बिघडते. गिरणीतून आणलेला भाताचा कोंडा तेलकट असल्यामुळे पावसाळ्यात आठवड्याच्या आतच खवट होऊ लागतो, तो साठवण्याच्या यादीतून काढूनच टाकावा. पूर्वी चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवलेल्या वस्तू टिकत. स्वयंपाकघरात गॅस आल्यापासून तो माळाही इतर खोल्यांइतकाच दमट झाला आहे.

आंबोण त्या-त्या धारेपुरतेच भिजवावे आणि गव्हाणीत उरलेले रोज काढावे. कोपऱ्यात चिकटलेला कालचा थर आजच्या आंबोणाला विरजणासारखा लागतो. किनाऱ्यावर पर्यटन वाढल्यापासून हॉटेलांतले शिळे पाव गुरांना घालण्याची पद्धत वाढली आहे. पावावर हिरवा ठिपका दिसला, तर तेवढा तुकडा तोडून बाकीचा घालू नये, कारण मऊ पावात बुरशीचे तंतू ठिपक्याच्या पलीकडे खोलवर गेलेले असतात.

बाजारात बुरशीविष बांधून ठेवणारी चूर्णे मिळतात, ज्यांत बेन्टोनाइटसारखी माती किंवा यीस्टच्या पेशींचे कवच असते. अफ्लाटॉक्सिनवर मातीचा चांगला उपयोग होतो, फ्युजेरियमच्या विषांवर तेवढा होत नाही. प्रोपिओनिक आम्लाचे क्षार बुरशी वाढू देत नाहीत, पण आधीच तयार झालेले विष ते घालवू शकत नाहीत. पावसाळ्यात चूर्ण वापरायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘चूर्ण घालतो, मग लागलेली पेंड चालेल’ या हिशेबाला.

शंका आली तर

बुरशीविषाची लक्षणे फसवी असतात. जनावर खुराक टाकते, दूध उतरते, कातडीवरचे केस राठ होतात, अधूनमधून पातळ शेण होते, गाय उलटते किंवा गाभडते. आणि यांतले प्रत्येक लक्षण दुसऱ्या दहा कारणांनीही होऊ शकते. लसीकरण वेळेवर करूनही जनावरे आजारी पडत असतील, तर तिथेही हे विष असू शकते, कारण ते रोगप्रतिकारशक्ती खच्ची करते. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजीव ऑक्रॅटॉक्सिनसारखी काही विषे बरीचशी मोडून टाकतात. वासरांचे पोट तेवढे तयार झालेले नसते, म्हणून त्यांना आधी लागते. वासरू सतत कुंथत असेल किंवा त्याची आंत गुदद्वारातून बाहेर येत असेल, तर अफ्लाटॉक्सिनची शंका घ्यावी. सर्वांत नाजूक बदके आणि टर्की. ‘गुरे खात नाहीत तर कोंबड्या-बदकांना टाकू’ हा विचार म्हणूनच चुकीचा आहे.

या विषांवर उतारा नाही. शंका येताच खुराक त्याच दिवशी पूर्ण बंद करून पेंढा आणि हिरवा चारा द्यावा, पेंढ्याचीच शंका असेल तर तोही बदलावा, आणि पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. यकृताला आधार देणारे उपचार पशुवैद्य ठरवतील. खुराक बदलल्यानंतरचे चार दिवस दूध घरच्या लहान मुलांना देऊ नये आणि संकलन केंद्रावरही पाठवू नये. पैशाचे नुकसान होते, पण ते केंद्रात मिसळलेल्या सगळ्या दुधापेक्षा कमीच असते.

तपासणीसाठी नमुना देताना वरची एक ओंजळ देऊन भागत नाही. विष एखाद्या जागी साचत असल्यामुळे प्रत्येक गोणीच्या वरून, मधून, तळातून आणि भिंतीकडच्या अंगाने, अशा दहा-पंधरा ठिकाणांहून मूठ-मूठ काढून स्वच्छ कापडावर एकत्र मिसळावे. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत, ते पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग करावेत, आणि शेवटी उरलेला किलोभर माल कागदी किंवा कापडी पिशवीत, गोणीवरची तारीख लिहून पाठवावा. प्लास्टिकच्या पिशवीत वाटेतच बुरशी वाढते आणि निकालाला अर्थ राहत नाही. तपासणी कुठे होते, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

टाकायचा माल शेणखताच्या खड्ड्यात पुरावा, उकिरड्यावर उघडा टाकू नये, कारण तिथे कोंबड्या टोचत असतात. गोणी हाताळताना नाकाला ओला रुमाल घट्ट बांधावा. बुरशीच्या धुळीने माणसाच्या फुप्फुसालाही कायमचा त्रास जडू शकतो. रिकामी गोणी पुन्हा भरण्यासाठी ठेवू नये. ड्रम साबणाने धुऊन दोन कडक उन्हे दाखवावीत, आणि उन्हे मिळत नसतील, तर ती मिळेपर्यंत तो उपडा करून ठेवावा.